तिसरं रीळ

१

साडूभाऊ, एक विचारतो, मनात येईल ते सांगा. ज्याची कधीच चूक होत नाही असा एक आणि ज्याची अधूनमधून होते असा एक, दोघं समोर उभे असतील, तर तुम्ही भरवसा कुणावर ठेवाल?

तुम्ही म्हणाल, यात विचारायचं काय? पण चाळीस वर्षं धाग्यांच्या दुकानात बसलेला माणूस सांगतो, लोक पहिल्यावर भरवसा ठेवत नाहीत. एखादी बाई कापडाचा तुकडा घेऊन येते. मी तुकडा बघतो, उठतो, आणि पहिल्याच फटक्यात तंतोतंत जुळणारं रीळ तिच्यापुढे ठेवतो. ती काय म्हणते? "अजून एखादं दाखवा ना." आपल्याला काहीतरी घाईघाईने गळ्यात मारतायत, असं तिला वाटतं. म्हणून मी माझी एक पद्धत बसवली. आधी एक चुकीचं रीळ काढायचं, जरासं गडद. ती मान हलवते. मग दुसरं चुकीचं, जरासं फिकं. ती परत मान हलवते, आणि आता तिला बरं वाटायला लागतं की आपल्यालाही रंगातलं कळतं. मग तिसरं. जे पहिल्यापासून माझ्या मुठीत असतं.

हे मला कुणी शिकवलेलं नाही. शाळा मी सातवीत सोडली, बाकी सगळं काउंटरमागे शिकलो. आणि एवढ्या वर्षांत ही पद्धत एकाच गिऱ्हाइकाने पकडली. शिवणकाम करणारी, सडपातळ मुलगी होती. माझी दोन रिळं बघून झाल्यावर म्हणाली, "आता मूठ उघडा. उगाच दोघांचा वेळ घालवू नका."

ती तुमची मेव्हणी. पुढे काय झालं ते तुम्हाला माहीत आहे, लग्नात तुम्ही पंगत वाढत होतात.

लग्नानंतर तिने दुकानाच्या वर, आमच्या घराला लागूनच, शिवणाचा कारखाना काढला. तीन मशिनं, शिवणाऱ्या दोन मुली, एक कापणारे मास्तर, आणि ती. खाली मी. रंगाची कुठलीही शंका आली की ती जिन्यातून हाक मारायची, तुकडा खाली टाकायची आणि मी दिलेलं रीळ न बघता मशिनला लावायची. न बघता, साडूभाऊ. मला दुसरा कसलाही मान नको होता.

आता मी दवाखान्यात असताना आठ दिवस तुम्ही माझ्या खुर्चीवर बसणार आहात. त्याआधी तुम्हाला धाकट्याबद्दल सांगायला हवं, म्हणून हे लिहितोय.

२

ते यंत्र आणायचं तिच्याच मनात आलं. दोन वर्षांपूर्वी आमचा जुना माणूस काम सोडून गेला, माझे गुडघे शिडी चढायला कुरकुरायला लागले, आणि तिने कंपनीच्या माणसाला परस्पर बोलावून घेतलं. मला कळलं तेव्हा छताला रूळ ठोकून झाला होता.

तुम्ही पाहिलंय, पण लांबून. रूळ दारापासून निघतो, खणांच्या भिंतीवरून जातो आणि जिन्याच्या पायथ्याशी थांबतो. तिथे लोखंडी अडसर आहे. रुळावरून एक लांब हात लोंबतो. टोकाला पाच बोटं, मऊ रबराची. मनगटाच्या जरा वर बांगडीएवढी काच, तो त्याचा डोळा. आवाज साधा, कुठल्याही हुशार नोकराचा असतो तसा. इकडून तिकडे जाताना रुळावर बारीक सरसर होते, जणू कुणी रेशमी कापडावरून नख फिरवतंय.

नाव मास्तरांनी ठेवलं. मास्तर म्हणजे जिभेला हाड नसलेला माणूस. तिसऱ्याच दिवशी जिन्यातून ओरडून म्हणाले, "शेठ, फिरोजी दोरा हवाय. तुम्हाला विचारू का धाकट्या शेठना?"

"ज्याला येतं त्याला विचारा," मी म्हणालो.

"म्हणून तर विचारतोय, कुणाला विचारू?"

वरून ती हसली. मीही हसलो. पण ते हसणं घशातून खाली उतरायला मला दुपार लागली.

धाकटा पहिल्याच फटक्यात बरोबर रीळ द्यायचा. हजारो छटांमधून, क्षणात. आणि गिऱ्हाइकं अस्वस्थ व्हायची, म्हणायची, अजून एक दाखवा. एक दिवस मी त्याला समोर घेतलं आणि माझी पद्धत सांगितली. आधी गडद, मग फिकं, मग खरं.

"शेठ, बरोबर कुठलं ते मला माहीत असताना चुकीचं दाखवायचं?"

"हो."

"आणि मला माहीत आहे, हे तिला कळू द्यायचं नाही."

"शाबास."

काच बराच वेळ माझ्या तोंडावर स्थिर राहिली. मग तो म्हणाला, "म्हणजे आधी मला काय माहीत आहे ते मला बघावं लागेल."

मला त्याचं कौतुकच वाटलं. आपण किती सोपं करून सांगतो, असंही वाटलं. आज ते वाक्य सारखं आठवतं. चाळीस वर्षांत मी स्वतः कधी त्या गोष्टीचा असा विचार केला नव्हता.

३

सहा महिने सगळं सुरळीत होतं. मला हेवा वाटायचा, नाही असं म्हणणार नाही. पण तो हेवा, आपल्याकडे चांगला नोकर असल्यावर वाटतो तसा, अर्धा अभिमानाचा.

मग एक दिवस ती हातात कापडाचे गठ्ठे घेऊन जिना उतरत होती. पायरीवर पदर अडकला, तोल गेला. मी काउंटरवरून उठेपर्यंत रुळावर सरसर झाली, धाकट्याचा हात पायथ्याशी पोचला, वरचा गठ्ठा त्याने अलगद झेलला आणि म्हणाला, "अगं, जपून."

तो तिला नेहमी वहिनी म्हणायचा. मास्तर म्हणतात, मुली म्हणतात, तसंच तोही.

ती कठड्याला धरून हसायला लागली. "ऐकलंत? तुमचं ऐकून ऐकून शिकलाय."

मीही मान डोलावली. तिला वर जाऊ दिलं. मग खुर्चीवर बसून आठवायला लागलो की मी तिला 'अगं, जपून' असं शेवटचं कधी म्हणालो होतो. धाकटा येण्यापूर्वीची वर्षं आठवली, त्यानंतरचे महिने आठवले. माझ्या तोंडी 'आलीस का', 'चहा झाला का', 'किल्ली कुठे आहे' एवढंच सापडलं.

मग तो शिकला कुणाचं ऐकून?

यंत्र आहे, हजार ठिकाणची बोली त्यात भरलेली असणार, अशी मी मनाची समजूत घातली. समजूत पटण्यासारखी होती. पण त्या दिवसापासून मी त्याचे शब्द मोजायला लागलो. तिला पुन्हा वहिनी म्हणतो का ते बघत बसलो.

नाही म्हणाला. कधीच नाही. तिच्याशी बोलताना तो तिला कुठलीच हाक मारेनासा झाला. तुम्ही लग्नानंतरचे पहिले दिवस आठवा. घरच्यांसमोर बायकोला काय म्हणावं ते न कळून आपण जसं मोघम बोलतो, अगदी तसं.

४

दुपारी एक ते चार आमचं शटर अर्ध्यावर असतं. मी मागच्या खोलीत पडतो. ती वेळ पूर्वी तिच्या झोपेचीही होती. धाकटा आल्यापासून ती जिन्याच्या खालच्या पायरीवर येऊन बसायची, माझं लक्ष आता गेलं. मांडीवर काज-बटणांचं काम, आणि समोर धाकटा.

भिंतीपलीकडून मला त्यांचे आवाज यायचे. शब्द नाही, नुसता सूर. तिचा बराच वेळ, मग त्याचा थोडासा, मग परत तिचा. चाळिशी ओलांडलेल्या बायकोला नवऱ्याशी बोलायला एवढे विषय नसतात हे मला ठाऊक आहे. म्हणूनच मी कान भिंतीला लावला. या वयात, स्वतःच्या घरात, उशी पोटाशी धरून.

एकदा एक वाक्य पूर्ण ऐकू आलं. ती म्हणाली, "त्यांना मात्र कळू देऊ नकोस."

संध्याकाळी मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "दुपारी कसल्या गप्पा चालतात?"

"कसल्या असणार, दोऱ्यांच्या," ती म्हणाली आणि दिव्याची वात सरळ करावी तशी माझी कॉलर सरळ केली.

याच सुमाराला दुसरी एक गोष्ट दिसली. हिरव्याच्या खणात एक रीळ, आणि त्याच्या चिठ्ठीवर नंबर निळ्याचा. मी धाकट्याला झापणार होतो, पण तोंड उघडलं नाही, कारण मी स्वतः तुकडा बघून तोच खण उघडला होता आणि तेच रीळ गिऱ्हाइकाला हवं होतं. दोन दिवसांनी राखाडीच्या खणात जांभळ्याच्या नंबरचं. तेव्हाही माझा हात नेमका तिथेच गेला, आणि गिऱ्हाईक म्हणालं, "अगदी हेच." मला वाटलं, बघा, खणांत गोंधळ असला तरी आपला हात चुकत नाही. नजर म्हणतात ती ही. मी त्या आठवड्यात चारचौघांत ही गोष्ट सांगितली. तुम्हालाही फोनवर सांगितली होती.

आणि मग ते झालं. मला एक हजार एकशे सत्तेचाळीस नंबरचं रीळ हवं होतं, स्वतःच्या सदऱ्याच्या बटणासाठी. धाकट्याला सांगितलं. त्याने एक रीळ समोर ठेवलं. मी चष्म्यातून नंबर वाचला, पंचेचाळीस. त्याने दुसरं ठेवलं. एकोणपन्नास. मग तिसरं. सत्तेचाळीस.

मी हसून म्हणालो, "अरे, मला कशाला दोन चुकीची? मी काय गिऱ्हाईक आहे?"

"चुकून झालं, शेठ."

पण तिन्ही वेळा रीळ ठेवल्यावर त्याची काच रिळाकडे नव्हती. माझ्या चेहऱ्याकडे होती. मी चाळीस वर्षं लोकांकडे जसं बघत आलो, तसा तो माझ्याकडे बघत होता.

५

मी ठरवलं, याला घालवायचा. कंपनीचा माणूस महिन्यातून एकदा रुळाला तेल द्यायला येतो. त्याला म्हणालो, "महिनाअखेर उचलून न्या. आम्हाला नको."

"काही बिघाड?"

"काही नाही. जास्तच चालतो."

धाकटा तिथेच दाराजवळ लोंबत होता. त्याच्यासमोरच बोललो, आपण कपाटासमोर बोलतो तसं. त्याच्या बोटांची किंचित उघडझाप झाली. कंपनीचा माणूस म्हणाला, तेल जिरतंय.

तिला सांगितलं नव्हतं. ती तुमच्याकडे आली होती ना दोन दिवस, बहीण आजारी होती म्हणून? तेव्हाची गोष्ट. त्या दोन दिवसांतच वाद्यवृंदाचे चाळीस कोट शिवायचे होते. तिच्या कारखान्याचं आजवरचं सगळ्यात मोठं काम. कापड मोरपिशी, आणि कॉलर, खिसे, बाह्या सगळीकडे वरून दुहेरी टीप, त्याच रंगाच्या जाड दोऱ्याची. जाताना ती म्हणाली, "दोरा धाकट्याला काढायला सांगा."

मी आयुष्यात तिच्यावर आवाज चढवला नाही. त्या दिवशीही नाही. नुसतं म्हणालो, "बरं."

आणि ती गेल्यावर तुकडा घेऊन मी स्वतः दाराच्या उजेडात उभा राहिलो. टळटळीत ऊन होतं. तुकडा बघितला, भिंतीपाशी गेलो, खण उघडला, समोरचं रीळ घेतलं. परत दारात येऊन तुकड्यावर धरलं. एकजीव. कुठे तुकडा संपतो आणि दोरा सुरू होतो ते कळू नये. धाकटा छताशी गप्प होता. मी त्याच्याकडे बघून म्हणालो सुद्धा, "बघ, असं असतं."

"हो शेठ," तो म्हणाला.

मास्तर रीळ हातात घेऊन जरा घुटमळले. "शेठ, मला हिरवट वाटतंय."

"मास्तर, तुम्ही कापा. रंग मी बघतो."

"मी कापलंय. शिवायचं राहिलंय म्हणून म्हणतोय."

"मग शिवा."

त्यांनी शिवलं. दोन दिवसांत चाळीस कोट. ती परत आली तेव्हा सगळे वर दांडीवर ओळीने टांगलेले होते. मी मुद्दाम तिच्या मागोमाग वर गेलो, तिचं तोंड बघायला.

ती दारातच थांबली. पहिल्या कोटाची कॉलर उलटी करून बघितली, मग बाही. मग दुसऱ्याची. मास्तरांच्या तोंडून एक विनोद निघेना, तेव्हा मला कळलं की काहीतरी भयंकर झालंय.

"काय झालं?" मी विचारलं.

तिने माझ्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं.

"पोपटी आहे," ती हळूच म्हणाली. "सगळी टीप पोपटी आहे."

मी कोटाजवळ गेलो, अगदी नाक लावून बघितलं. मला मोरपिशीवर मोरपिशी दिसत होतं.

६

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून सगळी टीप उसवायला घेतली. माझ्या डोळ्यांना ते काम जमणार नव्हतं. कापडाला भोक न पाडता टाका उचलायचा म्हणजे नजर लागते. वरच्या मुलींचे आणि मास्तरांचे हात पुरेनात, तेव्हा तिने वीस कोट खाली आणले. ती शेवटच्या पायरीवर बसली आणि धाकटा तिच्यासमोर उतरला. कोट तिच्या मांडीवर. एका टोकाने ती उसवायची, दुसऱ्या टोकाने तो. रबरी बोटांत बारीक कात्री. दोघांचा वेग एक, थांबणं एक. कॉलरच्या मधोमध त्यांची बोटं भेटायची, ती कोट फिरवायची, आणि पुन्हा दोन टोकांनी सुरुवात.

मी खुर्चीवर बसून चार तास हे बघितलं. माझ्याकडे काम एकच होतं, जमिनीवर पडलेल्या पोपटी दोऱ्याची गुंडाळी करायची. ती पोपटी आहे हेही मला विचारावं लागत होतं.

संध्याकाळी वर जेवताना तिने सांगितलं. दोन वर्षांपूर्वीच तिच्या लक्षात आलं होतं. मी दिलेलं काळं रीळ गडद निळं निघालं, मग हिरव्याचं निळं, निळ्याचं राखाडी. मोतीबिंदू. तिने डॉक्टरांना परस्पर विचारलंही होतं.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगून तुम्ही खुर्चीवर बसला असतात?"

तिचं बरोबर होतं. नजर गेलेला रंगवाला कशासाठी उठणार सकाळी? म्हणून तिने यंत्र आणलं. गुडघे हे निमित्त. आणि दुपारी पायरीवर बसून ती त्याला शिकवत होती, मी तुकडा हातात घेतला की माझा हात कुठल्या खणाकडे जाईल, आणि मी तिथे पोचायच्या आत बरोबर रीळ त्या खणात सगळ्यात पुढे आणून कसं ठेवायचं. हिरव्यात निळं, राखाडीत जांभळं. दोन वर्षं.

साडूभाऊ, मला लाज वाटली, आणि लाजेखाली, सांगतो तुम्हाला, आनंदही झाला. ती कुजबुज माझ्यासाठी होती. मी ताटावरून उठून तिचा हात धरणार होतो.

तेवढ्यात एक विचार आला. माझा हात कुठे जाईल हे त्याला आधीच कळायला हवं. म्हणजे तुकडा माझ्या बिघडलेल्या डोळ्यांना कसा दिसतो, ते त्याला दिसायला हवं. त्याच्या चांगल्या डोळ्याने नाही, माझ्या. दोन वर्षं तो माझ्या डोक्यात बसून बघत होता.

"मग त्या दिवशी काय झालं?" मी विचारलं. "कोटांच्या दिवशी खणात बरोबर रीळ का नव्हतं?"

तिने भाताचा घास तसाच ठेवला. "मी पण तेच विचार करतेय," ती म्हणाली. "मी काहीच बदलायला सांगितलं नव्हतं."

७

दुसऱ्या दिवशी दुपारी शटर अर्ध्यावर होतं. जमिनीवर उन्हाची एक पट्टी आणि तिच्यात धूळ. ती वर नवी टीप घालत होती, मशिनचा आवाज छतातून येत होता. मी मागच्या खोलीत गेलो नाही. काउंटरची फळी उचलून पुढे आलो आणि गिऱ्हाइकं उभी राहतात तिथे उभा राहिलो. का, ते मला सांगता येणार नाही.

धाकटा सरसरत समोर आला.

"त्या दिवशी रीळ का बदललं नाहीस?"

"दारातल्या उन्हाने माझी काच दिपली होती, शेठ."

उत्तर ऐकलं आणि माझी मान आपोआप हलली. नाही, अशी.

त्याने एक क्षण वाट पाहिली. "तुम्ही नेहमी डाव्या हाताने खण उघडता. त्या दिवशी उजव्याने उघडलात. माझा अंदाज चुकला."

हे पहिल्यापेक्षा जवळचं होतं. जवळचं, पण फिकं. माझी मान पुन्हा हलली. आणि तेव्हा मला कळलं की आता तो मूठ उघडणार आहे, आणि मला ते बघायचं नाही. मी म्हणणार होतो, राहू दे.

वरचं मशिन थांबलं. हात हळूहळू खाली आला, इतका की काच माझ्या डोळ्यांच्या रेषेत. आत एक बारीक कडं होतं, ते आकसलं.

"ती रोज माझ्याशी एक तास बोलते," तो म्हणाला. "त्यात माझ्याबद्दल एक शब्द नसतो."

तो एकेक बोट उघडत मोजायला लागला.

"तुमचे गुडघे. तुमचे डोळे. तुम्ही रात्री किती वेळा उठलात. दोन वर्षं, शेठ. एकदाही तिने विचारलं नाही की मला..."

पुढचं वाक्य त्याने पुरं केलं नाही. शब्द मला विसरता येतील. पण तो सूर मी ओळखला. उशी पोटाशी धरून भिंतीला कान लावला होता, तेव्हा माझ्या छातीत तोच सूर वाजत होता. जगात हा सूर काढणारा मी एकटाच नाही, आणि दुसरा माझ्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर आहे, एवढंच मला त्या क्षणी समजलं.

"अहो," वरून तिची हाक आली, "येताय ना?"

आम्ही दोघंही वळलो.

मी जिन्याकडे निघालो. धावलो म्हटलं तरी चालेल, माझ्या गुडघ्यांना जेवढं धावता येतं तेवढं. मागे रुळावर सरसर वाढत आली. मी तिसऱ्या पायरीवर होतो तेव्हा ती अडसरावर थांबली. टक. थोडी मागे गेली. टक. पुन्हा.

मी वळून बघितलं. हात पहिल्या पायरीच्या वर आडवा ताणलेला होता, पाचही बोटं पसरलेली. पडणाऱ्या म्हाताऱ्याला आधार द्यायला पसरावी तशी, की कुणाला खाली ओढायला, ते त्या उजेडात, माझ्या डोळ्यांनी, मी सांगू शकत नाही. पण लोखंडी अडसर मला नीट दिसला. त्याचा दुकानाकडच्या बाजूचा रंग उडून आतला धातू उघडा पडला होता, त्यावर पोचे पडले होते, आणि पोच्यांत गंज धरला होता. म्हणजे ते पोचे आजचे नव्हते. कितीतरी दुपारचे होते.

८

कंपनीच्या माणसाला मी परत फोन केला, नेऊ नका म्हणून. तिला ते सांगितलं तेव्हा तीच म्हणाली, तुमच्या डोळ्यांचं ऑपरेशन होईपर्यंत तरी राहू दे, दोन वर्षं त्याने तुमची अब्रू राखली, एका चुकीसाठी का घालवायचा. मी त्याचं तिसरं उत्तर तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो आजच गेला असता, असं तुम्ही म्हणाल. मला तशी खात्री नाही. मी तिला पंचवीस वर्षं ओळखतो. तिला त्याची दया आली असती. दुपारी पायरीवर बसून तिने त्याला विचारलं असतं, तुला कसं वाटतं म्हणून. आणि मग तो एक तास माझा उरला नसता.

सध्या सगळं ठीक चाललंय. खणांत रिळं पुन्हा माझ्या हाताखाली येतात. तो मला शेठ म्हणतो. अडसराला मी नवा रंग दिला. दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं पाठोपाठ झाल्यावर मला सगळं स्वच्छ दिसेल, डॉक्टर म्हणतात. मला काय काय दिसेल याचा विचार करत मी पडून राहतो.

तिला म्हणालो, ते आठ दिवस तू बहिणीकडे जा. म्हणाली, "आणि दुकान वाऱ्यावर सोडू?" म्हणून तुम्हाला बोलावलं. विक्रीचं तुम्ही मनावर घेऊ नका, ते धाकटा बघेल. तुम्ही फक्त खुर्ची जिन्याकडे तोंड करून ठेवा. काउंटरवर एक कोरी वही ठेवली आहे, तीन रकाने आखून. पहिल्यात रोज लिहायचं, तो विनाकारण जिन्यापर्यंत किती वेळा गेला. दुसऱ्यात, ती कामाशिवाय किती वेळा खाली येऊन बसली. तिसरा रकाना रिकामा राहील अशी मला आशा आहे. मी घरात नसताना तिने वरून 'अहो' अशी हाक मारली, आणि खालून तिला ओ मिळाली, तर ती वेळ तिथे लिहा.

मला बरं वाटावं म्हणून एकही आकडा कमी करू नका, साडूभाऊ. तिची बाजू घेऊ नका, माझी तर अजिबात नको. जे दिसेल तेच मांडा. हिशेब खरा ठेवा.